गोगलगायीच्या डोळ्यातलं घड्याळ

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बुला नावाची एक छोटी समुद्री गोगलगाय असते, दिवसभर चिखलात रुतून बसते आणि अंधार पडला की बाहेर येऊन फिरते. कोणी म्हणेल त्यात काय विशेष, अंधार दिसला की निघाली! पण लॅबमधल्या टाकीत चोवीस तास अंधार ठेवला तरी ती साधारण त्याच वेळेला हलायला लागते. म्हणजे वेळ तिच्या आतच कुठेतरी मोजली जातेय.

आणि ही जागा म्हणजे चक्क डोळा. १९६९ मध्ये जॉन जॅकलेट यांनी ॲप्लिसिया या दुसऱ्या समुद्री गोगलगायीचा डोळा काढून अंधारात जिवंत ठेवला, तर मेंदू जोडलेला नसतानाही त्याच्या नसेतले विजेचे सिग्नल दिवसाच्या वेळी वाढत होते आणि रात्री कमी होत होते. पुढे १९९३ मध्ये जीन ब्लॉक यांच्या टीमने बुलाच्या डोळ्याच्या तळाशी असलेल्या पेशी एकेकट्या सुट्या केल्या, तर एका पेशीतसुद्धा ही लय सापडली. मला तर हे आजही थक्क करतं, एक पेशी, आणि तिला दिवस-रात्र कळते!

आता दिवस लहान-मोठा होतो तेव्हा काय? लॉस एंजेलिसला जूनमध्ये दिवस साधारण साडेचौदा तासांचा, डिसेंबरात जेमतेम दहाचा (आपल्या मुंबईत हा फरक सव्वादोन तासांचाच), मग घड्याळ जुळवून घ्यायला लागणारच. यातली गंमत अशी की भर दुपारच्या उजेडाने घड्याळ फारसं हलतच नाही. रात्रीच्या सुरुवातीला उजेड पडला तर ते मागे जातं आणि पहाटेच्या आधी पडला तर पुढे येतं, म्हणजे जे काय सेटिंग व्हायचं ते दिवसाच्या दोन टोकांना होतं आणि दिवस लांबला की हीच टोकं सरकतात. उजेड पडला की पेशीत बाहेरून कॅल्शियम शिरतं आणि त्यानेच काटा हलतो, पाण्यात कॅल्शियम कमी ठेवलं तर हे होतच नाही.

अजून एक गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. ॲप्लिसिया दिवसा फिरते, बुला रात्री, तरी दोघींच्या डोळ्यांचे सिग्नल दिवसाच जास्त येतात. म्हणजे डोळा फक्त वेळ सांगतो, त्या वेळेला उठायचं की चिखलात पडून राहायचं हे पुढे मज्जासंस्थेत ठरतं.