शाश्वत मासळी प्रमाणन आणि लघुमासेमारी (मुंबई)

विशिष्ट मासेमारी माशांच्या साठ्याला व समुद्रातील इतर जीवांना धोका न पोचवता, नियम पाळून चालते, अशी त्रयस्थ संस्थेने तपासणीअंती दिलेली ग्वाही म्हणजे शाश्वत मासळी प्रमाणन. येथे मुंबईच्या कोळीवाड्यांतील, मुख्यतः डोलीच्या, म्हणजे समुद्राच्या ओढीत बांधून ठेवलेल्या जाळ्याच्या, मासेमारीच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

प्रमाणनाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. काहींच्या मते त्याचा आरंभ १९९० च्या सुमारास अमेरिकेत टूनाच्या डब्यांवर आलेल्या ‘डॉल्फिन सुरक्षित’ या शिक्क्यात आहे. इतर अभ्यासक तो न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांचा साठा कोसळून १९९२ मध्ये कॅनडाला तेथील मासेमारी थांबवावी लागली, त्या घटनेशी जोडतात. पहिल्या शिक्क्यात खुद्द टूनाच्या साठ्याची हमी नव्हती. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर व युनिलिव्हर यांनी १९९७ मध्ये मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल स्थापन केली. पुढे ती स्वतंत्र झाली. तिच्या मानकात साठा, परिसंस्था व व्यवस्थापन ही तीन तत्त्वे आहेत. प्रत्येक निकषाला किमान ६० व प्रत्येक तत्त्वाला सरासरी ८० गुण लागतात. ८० च्या खालील निकष ठरावीक मुदतीत सुधारण्याची अट असते. प्रमाणपत्राची मुदत ५ वर्षे असून तपासणीचा खर्च अर्जदार उचलतो.

मुंबईतली खरी अडचण खर्चाच्याही आधी सुरू होते. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीसमोर बांधून ठेवतात. म्हणून उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला, ते चालते; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास ओढ कमी असताना, मंदावते. खोला, म्हणजे जाळ्याचे मासळी साठणारे शेवटचे टोक, उलटला की बोंबील, जवळा, करंदी, मांदेली असे सगळे एकत्र पडते, आणि खोल्याची आस (जाळीचे भोक) बारीक असल्याने पापलेटची पिल्लेही त्यात सापडतात. मानक मात्र एक साठा व एक जाळे धरून विचारते. बोंबलाचा साठा गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला असल्याने वेसावे किंवा मढ अशा एकट्या कोळीवाड्याने त्याची हमी देणे शक्य नाही. उलट, कव म्हणजे जाळे लावण्याची ठरलेली जागा, तिच्यावरचा हक्क आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा रिवाज ही व्यवस्थापनाचीच अंगे आहेत. ती तोंडी असल्यामुळे गुणपत्रिकेत सहज उतरत नाहीत. हा दोष कोळ्यांचा नव्हे, मोजपट्टीचा आहे. शासनाची १ जून ते ३१ जुलै ही बंदी मात्र लेखी पुरावा म्हणून दाखवता येते.

अपुऱ्या माहितीच्या मासेमारीसाठी जोखीम-आधारित मूल्यमापनाची सोय मानकात आहे. त्यात मच्छीमार, तांडेल (होडीचा प्रमुख) व शास्त्रज्ञ यांना एकत्र बसवून साठ्याचा अंदाज घेतात. अर्जदार व्यक्तीच असावी असे नाही, त्यामुळे अनेक गावांच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी एकत्र अर्ज करून खर्च वाटून घेणे शक्य आहे. डोलीसाठी हाच मार्ग व्यवहार्य दिसतो. भारतातील पहिले प्रमाणपत्र २०१४ मध्ये केरळच्या अष्टमुडी खाडीतील शिंपल्यांच्या मासेमारीला मिळाले. तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद असते आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे त्या साठ्यावर दीर्घकाळ काम होते. मात्र तो एका खाडीतला, एका जातीचा माल होता. बोंबलाला तो दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही.

प्रमाणनाच्या शिक्क्याचा लाभ प्रामुख्याने निर्यातीच्या व वेष्टनबंद मालाला मिळतो. मुंबईचा बोंबील मोठ्या प्रमाणावर ताजा, पाटीतून, कोळणींच्या हातून विकला जातो किंवा वलांडीवर, म्हणजे मासळी टांगण्याच्या बांबूंच्या मांडणीवर, सुकवला जातो. तेथे गिऱ्हाईक डोळे आणि कल्ले पाहून भाव करते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये स्वीकारलेली लघुमासेमारीविषयक मार्गदर्शक तत्त्वे मासळी विकणाऱ्या व सुकवणाऱ्या स्त्रियांनाही मच्छीमारीचा भाग मानतात.