‘स्टील’चा रकाना: गेस्टचा वेग आतून मोजण्याची पार्श्वभूमी

खान्देशात मी पाहिलेल्या छोट्या कार्यालयांत व्हर्च्युअल मशीन (खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) शिरली ती विजेच्या टंचाईमुळे. २००८-०९ च्या सुमारास भुसावळजवळच्या दीपनगरचं वीजकेंद्र इतकं जवळ असूनही तासन्‌तास भारनियमन असायचं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सर्व्हरच्या खोलीत उभं राहवत नसे. चार जुने सर्व्हर इन्व्हर्टरवर ओढत बसण्यापेक्षा एकाच खऱ्या मशीनमध्ये, म्हणजे होस्टमध्ये, चार आभासी मशीन, म्हणजे गेस्ट, बसवणं परवडायचं. मग दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली, जिनिंगवाल्यांच्या हिशेबाच्या गेस्टवर ताण आला, की फोन यायचा: ‘सिस्टीम रांगतेय.’ आम्ही गेस्टमध्ये लॉगिन करायचो, टॉप (प्रोसेसरचा वापर दाखवणारा प्रोग्राम) लावायचो आणि तो जे आकडे दाखवेल त्यावर विश्वास ठेवायचो. त्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, हा वाद मात्र आमच्या आधीपासून चालू होता.

मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांच्या, काळात हा घोळ कमी होता. १९७२ साली जाहीर झालेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत वापरणाऱ्याने टर्मिनलवर वेळ विचारली, तर दोन वेगळे आकडे मिळायचे. व्हर्टसीपीयू म्हणजे तुमच्या मशीनने स्वतः वापरलेला वेळ, आणि टॉटसीपीयू म्हणजे त्यात वरच्या नियंत्रण प्रोग्रामचा खर्च मिळवून आलेला वेळ. हिशेब होस्ट ठेवत होता आणि गेस्टला तो वाचायला मिळत होता. पुढे पीसीवर आभासी मशीन आल्या. व्हीएमवेअरचं पहिलं वर्कस्टेशन १९९९ चं, झेन २००३ चं. झेनसाठी लिनक्समध्ये बदल केलेले असत, पण व्हीएमवेअरमध्ये जसंच्या तसं चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण गेस्ट आहोत याचीच जाणीव नसायची. समोरचा प्रोसेसर पूर्ण आपला आहे असं धरूनच तो मोजमाप करत राहायचा.

त्यातून पहिली फजिती झाली ती घड्याळाची. तेव्हाचं लिनक्स वेळ मोजायचं ते ठरावीक ठोक्यांवर. २.६ मालिकेत एका सेकंदाचे ठोके १०० वरून १००० झाले. होस्टवर गर्दी असली की गेस्टला त्यातले कित्येक ठोके मिळतच नसत, आणि त्याचं घड्याळ मागे पडत जाई. ज्या घड्याळाने मोजायचं तेच मागे पडणारं असेल, तर ‘अमुक काम चार सेकंदांत झालं’ या वाक्याला अर्थ उरत नाही. तेव्हाच्या गेस्टच्या आत घेतलेल्या कितीतरी चाचण्या आज फेकून द्याव्यात अशा आहेत. पुढे होस्टकडून वेळ वाचणाऱ्या केव्हीएम-क्लॉकसारखे उपाय आले (केव्हीएम म्हणजे लिनक्समधलीच आभासी मशीन चालवण्याची सोय) आणि घड्याळापुरता प्रश्न बराचसा मिटला.

प्रोसेसरच्या वाट्याचा प्रश्न मात्र एका शब्दात अडकला, आणि तो शब्द म्हणजे ‘स्टील’. मार्च २००५ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.११ ने प्रोक-स्टॅट या, प्रोसेसरच्या वेळेचा हिशेब रकान्यांत देणाऱ्या फाइलमध्ये आठवा रकाना वाढवला. हे काम मेनफ्रेमवर लिनक्स चालवणाऱ्यांच्या गरजेतून झालं होतं. गेस्टच्या प्रोसेसरला चालायचं आहे, काम तयार आहे, पण होस्टने त्याला जागा दिलेली नाही, तो वेळ या रकान्यात जमा होतो. टॉप आणि व्हीएमस्टॅट या दुसऱ्या आज्ञेत उजवीकडे ‘एसटी’ दिसतं ते हेच. (व्हीएमस्टॅटमधलं ‘व्हीएम’ म्हणजे व्हर्च्युअल मेमरी. व्हर्च्युअल मशीनशी त्याचा संबंध नाही. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मला हे एकदा सांगावं लागलं आहे.)

स्टील म्हणजे चोरी. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कदाचित एवढंच असेल की हा वेळ माझ्या हातून निसटला. वाचणाऱ्याला मात्र त्यात चोर दिसतो. गेस्टमध्ये एसटी ३० टक्के दिसलं की ग्राहक म्हणतो, शेजारच्या गेस्टने माझं लुबाडलं. नाही तर म्हणतो, होस्टवाल्याने एकाच कोअरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका भागाची) चार जणांना विक्री केली. कधी तसं असतंही. पण समजा ग्राहकाने मुळात अर्ध्या कोअरचेच पैसे भरलेत आणि होस्टने त्याला तेवढ्यावरच अडवलं आहे, तरीही रकाना भरतोच.

पांझरेच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन समजेल. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पाटकरी पाळीप्रमाणे ते फिरवतो. दोन शेतं कोरडी आहेत. एकाची आज पाळीच नव्हती. दुसऱ्याची होती, पण वरच्या अंगाला कुणीतरी पाट फोडला. बांधावर उभं राहून पाहिलं तर दोन्ही शेतं सारखीच कोरडी दिसतात. एसटीचा रकाना कोरडेपण मोजतो. पाट फुटला का, हे त्याला कळत नाही.

हाच मुद्दा पुढे करून २०१२ च्या अखेरीस केव्हीएमच्या विकासकांपुढे एक प्रस्ताव आला. त्याच वर्षी लिनक्स ३.२ मध्ये एखाद्या कामाला ठरावीक वाट्यापलीकडे प्रोसेसर न देण्याची सोय आली होती, त्यामुळे असे अडवलेले गेस्ट वाढणार हे दिसत होतं. प्रस्ताव असा: चोरीच्या रकान्याचे दोन भाग करा. जेवढा वेळ करारानुसार मिळणारच नव्हता तो ‘कन्साइन्ड’ म्हणून बाजूला काढा, आणि त्यापलीकडचा तेवढाच स्टीलमध्ये दाखवा. म्हणजे ग्राहक उगाच घाबरणार नाही. हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. सकाळी सातला ‘आमचा सर्व्हर कुणीतरी चोरतंय’ असे फोन मीही घेतले आहेत.

तरी तो प्रस्ताव लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, गेला नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. करारातला वाटा ठाऊक असतो होस्टला. गेस्ट चालू असतानाच एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येतो आणि वाटा मध्येच बदलू शकतो. म्हणजे ‘ठरलेलं किती’ हा आकडा सतत बाहेरून सांगावा लागणार, आणि सांगणारा तोच ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हायची आहे. ज्या होस्टवाल्याने खरोखरच जास्तीची विक्री केली असेल, त्याला आपली चूक ‘ठरलेल्या’ रकान्यात सरकवायला एक आकडा बदलणं पुरेसं होतं. दोन कारणांचा मिळून एकच आकडा वाचणं अवघड आहे खरं, पण तो निदान मोजलेला असतो. विभागलेल्या आकड्याचा अर्धा भाग नुसता सांगितलेला असता.

या वादात एक जुनी अडचण झाकली जाते. केव्हीएम कर्नलमध्ये आलं लिनक्स २.६.२० बरोबर, फेब्रुवारी २००७ मध्ये. पण केव्हीएमच्या गेस्टला स्टीलचा आकडा होस्टकडून मिळू लागला तो लिनक्स ३.१ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०११ पासून. मधल्या काळात केव्हीएमच्या गेस्टमध्ये एसटी शून्य दिसायचं. ‘मोजलंच नाही’ आणि ‘चोरी झाली नाही’ हे दोन्ही त्या शून्यासारखेच दिसत. आम्ही ते शून्य दाखवून कित्येकांना ‘होस्टचा दोष नाही’ असं ठामपणे सांगितलं. ते चुकीचं होतं.

होस्टच्या बाजूने पाहणाऱ्यांची साधनं त्या मानाने लवकर सुधारली. लिनक्स २.६.२४ मध्ये नववा रकाना आला, ‘गेस्ट’ नावाचा. होस्टने गेस्ट चालवण्यात घालवलेला वेळ त्यात येतो. हा वेळ ‘यूजर’ रकान्यातही आधीच धरलेला असतो. रकान्यांची सरळ बेरीज करणारी स्क्रिप्ट लिहिली तर तो दुप्पट मोजला जातो. २.६.३३ मध्ये दहावा रकाना आला, त्यालाही हाच नियम, फक्त तो वेळ ‘नाइस’ रकान्यात धरलेला असतो. प्रत्येक गेस्टचा वापर दाखवणारं व्हर्ट-टॉप, पर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाची केव्हीएम उपआज्ञा, गेस्टमधून बाहेर पडण्याची कारणं मोजणारं केव्हीएम-स्टॅट, हे सगळं त्या सुमारासचं आणि पुढच्या काही वर्षांतलं. २०१२ च्या लिनक्स ३.३ पासून गेस्टला स्वतःचे हार्डवेअर काउंटरही (प्रोसेसरच्या आतली मोजणीची सोय) देता येऊ लागले. अनेक ठिकाणी होस्टवाले ते आजही बंद ठेवतात, आणि गेस्टमध्ये पर्फ चालवलं की सायकल्सपुढे ‘आधार नाही’ असं उत्तर येतं.

डिस्कबद्दल थोडक्यात. नुसत्या डीडीने (माहिती जशीच्या तशी उतरवणारी आज्ञा) गेस्टचा लिहिण्याचा वेग मोजणं म्हणजे मेमरीचा वेग मोजणं. आतली कॅशे (मेमरीतली तात्पुरती साठवण) टाळली तरी तिच्या खाली होस्टची कॅशे असू शकते, तिचं धोरण होस्टवर ठरतं.

व्हीएमवेअरवर आकडा होता, पण होस्टच्या बाजूला: तिथल्या ईएसएक्सटॉप या प्रोग्राममधला ‘रेडी’, म्हणजे काम तयार असूनही प्रोसेसर न मिळालेला वेळ. लिनक्स गेस्टला तो वेळ स्टील म्हणून वाचता येण्याची सोय कर्नलमध्ये आली ५.७ बरोबर, २०२० साली. त्याआधीचं कुठलंही व्हीएमवेअर गेस्ट एसटी शून्य दाखवत असेल, तर त्यालाही तोच २०११ पूर्वीचा इशारा लागू.

दरम्यान इथली कामं इन्व्हर्टरवरच्या मशीनवरून भाड्याच्या मशीनकडे गेली. २०१५ मध्ये पुण्यात आणि २०१६ मध्ये मुंबईत मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं सुरू झाली, तसा जळगावातून जोडताना लागणारा वेळही कमी झाला. त्यातल्या स्वस्त मशीन प्रोसेसरचा न वापरलेला वाटा साठवून ठेवतात आणि गरजेला खर्च करतात. साठा संपला की मशीन अडवली जाते, आणि बऱ्याच वेळा ते एसटीत दिसतं. होस्टवर चढून पाहण्याची सोय इथं नाही. म्हणून मी प्रत्येक भाड्याच्या मशीनच्या नोंदीत पहिल्या ओळीला करारातला वाटा लिहून ठेवतो, आणि एसटी वाढल्याचा फोन आला की आधी ती ओळ वाचतो.