गॅस आहे, पण येत नाही

माझा मावसभाऊ अमेरिकेत व्हरमाँट राज्यात, गावापासून लांब राहतो. तिथे गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही, म्हणून अंगणात प्रोपेनची टाकी. जानेवारीत एका रात्री त्याचा फोन आला. बाहेर उणे २३ अंश, घर तापवणारी फर्नेस धापा टाकून बंद पडलेली आणि टाकीचा काटा २० टक्क्यांवर. "अरे, गॅस आहे, पण येत नाहीये!"

आपल्याकडच्या लग्नाच्या आचाऱ्याला यात काही नवल वाटलं नसतं. मोठी भट्टी बराच वेळ पेटती राहिली की १९ किलोच्या सिलिंडरला बाहेरून बर्फ धरतो आणि ज्योत मंदावते. मग सिलिंडर पाण्याच्या टबात उभा करतात.

टाकीत गॅस नसतो, द्रव असतो. तो उकळतो तेव्हा गॅस होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, म्हणून थंड मुलखात तोच वापरतात. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये त्याच्यासोबत असलेला ब्युटेन शून्याच्या जरा खालीच थिजल्यासारखा बसून राहतो. पण उकळायचं तर उष्णता हवी. चहाला ती खालून शेगडी देते, टाकीला बाहेरची हवा देते. तीही पत्र्याच्या जेवढ्या भागाला आतून द्रव टेकलाय, मुख्यतः तेवढ्याच भागातून. द्रव कमी, की ओला पत्रा कमी. हवा गारठली, की उष्णताही कमी. भावाच्या टाकीत दोन्ही एकदम झालं होतं.

टाकी बसवणाऱ्यांचा यासाठी एक ढोबळ हिशेब आहे. टाकीचा व्यास आणि लांबी इंचांत मोजायची, गुणाकार करायचा, त्याला टाकी २० टक्के भरलेली असेल तर ६० ने आणि ४० टक्के असेल तर ८० ने गुणायचं. उणे १८ अंशांना ताशी किती बीटीयूचा गॅस निघेल ते कळतं (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक). उणे २३ ला उत्तर निम्मं करायचं. भावाची टाकी २५० गॅलनची, व्यास ३० इंच, लांबी ९२. म्हणजे १,६५,६००, आणि त्या रात्री त्याच्या निम्मे, जेमतेम ८३ हजार. फर्नेसला हवे होते १ लाख!

'वर्षाला किती गॅस जळतो' एवढंच बघून टाकी घेणारे इथेच फसतात. शिवाय हल्लीचा मोठा टँकलेस, म्हणजे पाणी न साठवता वाहतं असतानाच तापवणारा, गीझर एकटाच ताशी १ लाख ९९ हजार बीटीयू मागतो. ५०० गॅलनची टाकी, ३७ इंच बाय १२०, त्याच रात्री २० टक्क्यांवरही १ लाख ३३ हजार देते. फर्नेस निभावेल, त्याच वेळी कोणी गरम पाण्याखाली उभं राहिलं, तर नाही.

५०० गॅलनच्या टाकीत ५०० गॅलन कधीच भरत नाहीत. ८० टक्क्यांना थांबतात, कारण तापल्यावर हा द्रव पाण्याच्या कितीतरी पट फुगतो. उरतात ४०० गॅलन, साधारण ७७० किलो, आपले १४.२ किलोचे ५४ सिलिंडर. एवढा साठा घरापासून १० फूट लांब ठेवावा लागतो. टाकी ५०० गॅलनच्या वर गेली की अंतर एकदम २५ फूट होतं, म्हणून छोट्या आवारात लोक ५०० वरच थांबतात. प्रोपेन हवेहून दीडपट जड असल्याने गळाला तर खड्ड्यात, तळघरात साचतो. जागा ठरवताना जमिनीचा उतारही बघायचा. टाकीला फिका रंग देतात. थंडीत काळा बरा पडला असता, पण उन्हाळ्यात आतला दाब वाढतो त्याचं काय? टाकी पुरली तर जमिनीची ऊब मिळते, मात्र पोलाद गंजू नये म्हणून सोबत मॅग्नेशियमचा तुकडा जोडावा लागतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला वाचवतो.

भाऊ ५०० ची टाकी पुरून घेणार आहे, पण जमीन दगडासारखी गोठलीय, त्यामुळे मे महिन्यापर्यंत थांबणं आलं. तोवर तो सकाळी झाडू घेऊन टाकीवरचा बर्फ झाडतो आणि काटा ४० वर आला की टँकरवाल्याला फोन लावतो. ४० ला त्याची टाकी उणे २३ मध्ये १ लाख १० हजार देते.