आजा ठणठणीत, मग नातवाला सिकलसेल कसा?

‘आमचा आजा या वयातही धानाच्या बांधीत उतरते, मंग नातवाले सिकलसेल कुठून आला?’ गडचिरोली-गोंदियाकडे हे हमखास ऐकू येतं, आणि लगेच बोट सुनेच्या माहेराकडे. साफ चूक. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक, तो वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, म्हणून आजा ठणठणीत. तेच जनुक मुलाकडे उतरू शकतं. मुलगा आणि सून दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात दोघांकडूनही सदोष जनुक येऊन बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के (पहिलं पोर निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही). दोष द्यायचाच, तर दोन्ही घरांना द्या! सोल्युबिलिटी या रक्ताच्या प्राथमिक चाचणीत नुसता दोष दिसतो. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं.