लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि औषधांच्या वेळा : पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात साठी ओलांडलेल्या अनेकांच्या औषधांच्या डब्यात थायरॉईडची, रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी शेजारी शेजारी असते. ती बहुधा वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असल्यामुळे, एक गोळी दुसरीच्या आड येते का, हे विचारायचे राहून जाते.

वैद्यकापुढे हा प्रश्न प्रतिजैविकांमुळे आला. १९४८ मध्ये, म्हणजे इंदूरचे एमजीएम मेडिकल कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी, टेट्रासायक्लिन गटातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, जगापुढे आले. त्याने मळमळ होत असे, म्हणून रुग्णांना सोबत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे जेल दिले जाई. परंतु १९५० च्या सुमारास असे आढळले की पोटाला आराम देणाऱ्या या जेलमुळेच रक्तात उतरणारे औषध कमी पडते. अॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांचे आयन औषधाच्या रेणूला जखडतात आणि त्यातून बनलेले संयुग आतड्यात नीट शोषले जात नाही. दुधातील कॅल्शियमही हेच करते. १९७० मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी लोहाच्या गोळीबाबत हे दाखवून दिले. भारतात गर्भवतींना लोह व फॉलिक अॅसिड देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या बाबतीतही तोच अनुभव आला.

थायरॉईडच्या गोळीचा इतिहास मात्र मला अधिक चिंतेचा वाटतो, कारण येथे नुकसान हळूहळू आणि मुकाट्याने होते. १९९२ मध्ये लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, घेणाऱ्या १४ रुग्णांना १२ आठवडे सोबत लोह दिले, तेव्हा त्यांचे टीएसएच (थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) सरासरीने १.६ वरून ५.४ वर गेले. २००० मध्ये २० रुग्णांवरील अभ्यासात कॅल्शियम कार्बोनेटचाही असाच, पण सौम्य परिणाम दिसला. अशा वेळी अहवाल पाहून मात्रा वाढवली जाते, आणि खरे कारण, म्हणजे दोन गोळ्यांची एकच वेळ, तसेच राहते. म्हणूनच लिव्होथायरॉक्सिन आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर सांगितले जाते.

पोटॅशियमची गोष्ट याच्या उलट आहे. एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची औषधे शरीरातील पोटॅशियम राखून ठेवतात. त्यावर पूरक गोळ्या किंवा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले कमी सोडियमचे मीठ घेतल्यास, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असताना, रक्तातील पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांना धोका होईल इतके वाढू शकते. तेथे वेळा बदलून भागत नाही. ते मीठ किंवा गोळी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे लागते.