किमान वेतन कायदा आणि मुक्त बाजार

किमान वेतन : मालकाने कामगाराला तासाला, दिवसाला किंवा महिन्याला यापेक्षा कमी मजुरी देऊ नये, अशी कायद्याने घातलेली मर्यादा. दोघांनी राजीखुशीने त्याहून कमी मजुरीचा करार केला, तरी कायदा तो मानत नाही. मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांचा मूळ आक्षेप याच सक्तीला आहे. ज्याच्या तासाभराच्या कामाचे मोल १० आहे त्याला १२ देण्याची सक्ती केली, तर त्याच्या हाती १२ पडत नाहीत, त्याचे कामच जाते, असे त्यांचे म्हणणे. यावर समर्थकांचे उत्तर असे, की ‘राजीखुशी’ म्हणताना सौदा करणाऱ्या दोघांची ताकद सारखीच आहे, असे गृहीत धरले जाते. मजुरी वाढू नये यासाठी मालक मंडळींची न बोलता एकी असते, हे ॲडम स्मिथनेही १७७६ मध्ये नोंदवून ठेवले आहे.

सुरुवातीचे कायदे औद्योगिक तंट्यांतून आणि घरबसल्या शिवणकाम करणाऱ्यांच्या पिळवणुकीतून आले. न्यूझीलंडने १८९४ मध्ये सक्तीच्या लवादाची व्यवस्था केली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाने १८९६ मध्ये, तर ब्रिटनने १९०९ मध्ये ठरावीक धंद्यांसाठी वेतन मंडळे नेमली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा १९१२ चा कायदा फक्त स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांपुरता होता. असे कायदे कराराच्या स्वातंत्र्यावर घाला घालतात, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले आणि १९३७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय फिरवला. लगेच १९३८ मध्ये तासाला २५ सेंट हा देशव्यापी दर आला. इतिहासातला एक अवघडलेला भाग सहसा सांगितला जात नाही : त्या काळच्या काही सुधारणावादी अर्थतज्ज्ञांना या कायद्याने ‘कमी लायक’ माणसे कामाबाहेर पडतील हे मान्य होते आणि तो त्यांना फायदाच वाटत होता. आज विरोधक जो तोटा म्हणून मांडतात, तो तेव्हा काही समर्थकांच्या हिशेबात जमेच्या बाजूला होता.

सिद्धान्ताच्या पातळीवर दोन चित्रे समोरासमोर उभी आहेत. पहिल्यात मालक पुष्कळ, कामगार पुष्कळ, आणि मजुरीचा दर कोणा एकाच्या हातात नाही. येथे समतोल दराच्या, म्हणजे काम मागणारे आणि काम देणारे जुळतात त्या दराच्या, वर रेषा आखली की काम मागणारे वाढतात, काम देणारे घटतात आणि बेकारी उरते. दुसऱ्या चित्रात मालकाच्या हाती दर ठरवण्याची ताकद असते. त्याला खरेदीदाराचा (येथे श्रम विकत घेणाऱ्या मालकाचा) एकाधिकार म्हणतात; अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये तो नीट मांडला. एका उदाहरणाने तो स्पष्ट होतो. एका मालकाकडे दिवसाला १०० दराने १० कामगार आहेत. अकरावा हवा असेल तर १०५ द्यावे लागतात आणि मग जुन्या दहांनाही तेवढेच द्यावे लागतात. एकूण मजुरी १,००० वरून १,१५५ होते. म्हणजे अकरावा माणूस १०५ ला नव्हे, १५५ ला पडतो. प्रत्येकाच्या कामाचे मोल १५० असेल, तर मालक दहावरच थांबतो. आता कायद्याने ११० हा दर बांधला आणि त्या दराला १२ माणसे यायला तयार आहेत, असे समजू. अकराव्यासाठी द्यायचे ११० आणि बाराव्यासाठीही ११०च; दोन्ही जागा भरतात. मजुरी वाढते आणि रोजगारही वाढतो. पण दर १६० केला तर एकाही माणसाला ठेवणे परवडत नाही. एकाच मालकाच्या बाबतीत ११० ला कायदा बरोबर ठरतो आणि १६० ला चूक. म्हणून किमान वेतन चांगले की वाईट, हा प्रश्न आकडा सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४६ मध्ये या युक्तिवादाची नेमकी नस पकडली. मालकाच्या हाती ताकद असेल तर दरवाढीने रोजगार वाढू शकतो, हे ते मान्य करतात. मात्र योग्य दर प्रत्येक धंद्यात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असणार, मग सगळ्यांना एकच आकडा कसा लावायचा, असा त्यांचा सवाल होता. त्याला पूर्ण उत्तर आजही नाही.

प्रत्यक्ष मोजणीत चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात तासाचा किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर गेला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तो तसाच राहिला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची पाहणी वाढीपूर्वी आणि वाढीनंतर केली. दोन्हीकडच्या बदलांतला फरक काढल्यावर न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे दिसले नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या नोंदी घेऊन तीच तुलना केली, तेव्हा घट दिसली. त्यावर कार्ड-क्रूगर यांनी सरकारी आकडेवारीने प्रत्युत्तर दिले. अनुभवाधारित श्रम-अर्थशास्त्रातील कामासाठी कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, पण वाद मिटला नाही.

अशा अभ्यासांत चुका ठरलेल्या जागी होतात. डोकी मोजली आणि तास मोजले नाहीत, तर कामाचे तास कापलेले दिसत नाहीत. अमेरिकेतील सिॲटल शहरात २०१६ साली दर १३ डॉलरपर्यंत गेल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्क्यांनी घटलेले आढळले. मात्र त्यांच्या माहितीत अनेक शाखा असलेले व्यवसाय नव्हते, आणि टीका नेमकी त्यावर झाली. दुसरा दोष तुलनेचा : ज्या भागाशी तुलना करायची तो आधीच वेगळ्या वाटेने जात असेल, तर फरक कायद्यामुळे पडला की त्या वाटेमुळे, हे सांगता येत नाही. तिसरा काळाचा. यंत्रे आणणे किंवा धंदा हलवणे वर्षभरात होत नाही. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासाने अमेरिकी राज्यांतील १३८ वाढी घेऊन नव्या दराच्या खालच्या किती जागा गेल्या आणि लगतच्या वरच्या किती आल्या, हे पाच वर्षांपर्यंत मोजले. एकूण बेरीज जवळपास तशीच राहिली. बाहेरच्या मालाशी स्पर्धा असलेल्या उद्योगांत मात्र घटीची चिन्हे होती.

नोकऱ्या गेल्या नाहीत, तर वाढीव पैसा येतो कोठून? हंगेरीने २००१-०२ मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट केले. तेथे बोजाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वाढलेल्या किमतींतून ग्राहकांवर गेला, उरलेला नफ्यातून भागला. जेथे किंमत वाढवता येते तेथे कामगार टिकतो. जागतिक भावाने माल विकणाऱ्या कारखान्याला ती सोय नसते. पॅसिफिक महासागरातील अमेरिकन सामोआ या अमेरिकेच्या ताब्यातील बेटांवर २००७ नंतर दर टप्प्याटप्प्याने वाढू लागला, टूना मासळी डबाबंद करणारा एक मोठा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि पुढची वाढ लांबणीवर टाकावी लागली. याखेरीज कामगार कमी वेळा नोकरी सोडतात, त्यामुळे भरती आणि प्रशिक्षणाचा खर्च वाचतो. उलट बाजूला जेवण, बोनस अशा सवलती कापल्या जातात. तपासणी ढिली असेल तर कागदावर पूर्ण मजुरी दाखवून हातात कमी दिली जाते.

दर पारखण्याचे साधन म्हणजे किमान वेतन भागिले मध्यक वेतन. मध्यक म्हणजे निम्मे कामगार ज्याच्या खाली आणि निम्मे ज्याच्या वर असतात ते वेतन. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशात मध्यकाच्या ६० टक्के हा संदर्भ म्हणून सुचवला आहे. राष्ट्रीय पातळीवर हे गुणोत्तर साधारण दिसत असले, तरी गरीब विभागात तोच आकडा स्थानिक मध्यकाला टेकतो. नुकसान आधी तेथे दिसते.

ब्रिटनने १९९९ मध्ये ३.६० पौंडांपासून सावध सुरुवात केली आणि तरुणांसाठी ३ पौंडांचा वेगळा दर ठेवला. दर सुचवणाऱ्या आयोगात मालक, कामगार आणि तज्ज्ञ असे तीन-तीन सदस्य बसतात. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे येथे देशभर लागू असा एकच कायदेशीर दर नाही. संघटनांचे सामूहिक करार तो ठरवतात. मुक्त बाजारवादी हे उदाहरण आवडीने देतात, पण त्या संघटनांची ताकद मात्र सांगायची विसरतात. गरिबी हटवायची तर मजुरीत हात न घालता सरकारने कमी उत्पन्नाला पूरक रक्कम द्यावी, असा त्यांचा पर्याय आहे. अमेरिकेत १९७५ पासून करसवलतीच्या रूपाने तो चालतो. त्यातही मेख आहे : कामावर येणारे वाढले की मजुरी उतरते आणि अनुदानाचा काही भाग मालकाच्या खिशात जातो. ती गळती थांबवण्यासाठी मजुरीला खालून टेकू लागतो, म्हणजे पुन्हा किमान वेतनच.