पेव

जमिनीत खड्डा खणून त्यात धान्य भरायचे आणि तोंड हवाबंद करायचे, अशा साठवणीच्या खड्ड्यास पेव म्हणतात. दख्खनच्या पठारावर पेवे सर्वत्र होती. या नोंदीत मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील, त्यातही मंगळवेढा, सांगोला, मोहोळ या ज्वारीच्या पट्ट्यातील पेवांचा विचार केला आहे.

सोलापूर पर्जन्यछायेत येते. सरासरी पाऊस सुमारे 550 मिमी, आणि रब्बी ज्वारीची सारी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर. हस्त कोरडा गेला की पेरणीच साधत नाही. याउलट खोल काळ्या जमिनीत ओल टिकली तर एकाच हंगामात घरच्या गरजेच्या कितीतरी पट मालदांडी (रब्बी ज्वारीचा वाण) पिकते. चांगल्या सालचे धान्य वाईट सालापर्यंत पोचवणे, हे पेवाचे काम.

प्राचीनता. इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्याचे खड्डे आढळले आहेत. त्यावरून जमिनीखालच्या साठवणीची प्राचीनता दिसते. आजच्या पेवाशी सलग परंपरा मात्र सिद्ध होत नाही. सोलापूर भागात पेवाचा विषय निघाला की दामाजीपंतांचे नाव येतेच. बहामनी राजवटीतील मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी धान्य रयतेला लुटवले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरास जाऊन त्याची रक्कम भरली, ही कथा सर्वपरिचित आहे. वाद आहे तो काळाचा. काही लेखक हा दुष्काळ म्हणजेच दुर्गादेवीचा दुष्काळ (परंपरेने 1396 ते 1407) मानतात. दुसरे मत तो 1458–60 च्या सुमारास ठेवते. कथेतील बादशाह सर्वत्र बेदरचा आहे आणि बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरास गेली ती 1425 च्या आसपास. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या मताचे समर्थक बेदरचा उल्लेख नंतरच्या कथनकारांनी घातला असे म्हणू शकतात, आणि कथेची प्रचलित रूपे बरीच उशिराची असल्याने हा आक्षेप पुरता खोडता येत नाही.

दामाजींनी उघडली ती पेवे की बांधीव अंबरखाने, हा दुसरा प्रश्न. परंपरा ‘कोठारे’ म्हणते. रोजच्या वाटपाच्या धान्यास बांधीव कोठार सोयीचे आणि दीर्घ मुदतीच्या शिलकेस पेव, हे पाहता दोन्ही प्रकार एकाच ठाण्यात असणे अशक्य नाही.

जागा व रचना. पेव शेतात नव्हे, गावठाणातील पांढरीत (वस्तीखालच्या पांढऱ्या मातीच्या जमिनीत) खणतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. भेगेतून हवा आणि पाणी दोन्ही आत शिरतात. पांढरी उंचवट्यावर असते, निचऱ्याची असते आणि खणल्यावर भिंत उभी राहते. वाड्याच्या चौकात, ओसरीखाली किंवा गढीच्या आत पेवे असत ती यामुळेच, शिवाय चोर आणि लुटारूंच्या भयानेही. आकार सुरईसारखा: तोंड माणूस उतरेल एवढेच, साधारण दोन फूट, खाली पोट रुंद. अरुंद तोंडामुळे लिंपायची जागा कमी राहते. श्रीमंतांची पेवे दगडाने बांधलेली, इतरांची कच्ची.

मापाचा अंदाज असा. पोटाचा व्यास 2.5 मीटर, खोली 3 मीटर धरली तर गळ्याकडील निमुळता भाग व कडब्याचे अस्तर वजा जाता सुमारे 10 घनमीटर जागा उरते. एका घनमीटरात सुमारे 750 किलो ज्वारी मावते, म्हणजे पेवात 75 क्विंटल. माणशी रोज 400 ग्रॅम धरल्यास सहा माणसांच्या घराला वर्षाला पावणेनऊ क्विंटल लागते. अर्थात एवढे एक पेव आठ घरांना वर्षभर पुरते.

भरणी. खळ्यावरची ज्वारी कडक उन्हात वाळवून चैत्र-वैशाखात पेव भरतात. मृगाच्या आत तोंड बंद झालेच पाहिजे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर वाळला, चेपला तर नाही (ओलावा 10 ते 12 टक्क्यांच्या आत हवा). भरण्यापूर्वी पेव झाडून आत कडबा व गोवऱ्या पेटवतात. याने भिंती सुकतात, जुनी कीड मरते. मग शेण-मातीने लिंपून पुन्हा सुकू देतात. तळाला फूटभर जाड कडबा, कडेने उभ्या पेंढ्या. धान्य ओतता ओतता तुडवून दाबतात, म्हणजे मधली हवा कमी राहते. गळ्यापर्यंत भरल्यावर वर कडबा, त्यावर फरशी, सांधे चिखलाने बुजवलेले, आणि शेवटी मातीचा उतरता ढीग. हा ढीग पहिल्या पावसात खचतो; तेव्हा वेळीच माती ओढली नाही तर तोंडाशी पाणी मुरते.

आत दाणे, बुरशी व कीड श्वसनाने प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. प्राणवायू तीन टक्क्यांच्या खाली राहिला की सोंडे किडे काही आठवड्यांत मरतात. म्हणून तोंड घट्ट असेल तर औषध लागत नाही. दोन-तीन वर्षे धान्य सहज राहते. त्याहून फार मोठ्या मुदतीचे दावे जपून घ्यावेत. कडेची चार-सहा बोटे ज्वारी ओल धरून काळवंडते व तिला आंबूस वास येतो; ती वेगळी काढतात. बुरशी धरलेली ज्वारी जनावरांनाही घालू नये. बियाणे पेवात ठेवत नाहीत, कारण उगवण घटते; ते राख व कडुनिंबाचा पाला घालून कणगीत राहते.

उघडणी. उघडल्या पेवात घाईने उतरलेला माणूस दगावतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. तोंड उघडून निदान एक दिवस थांबावे, दोरीला बांधलेली घोंगडी किंवा झाडाची फांदी खालीवर करून हवा घुसळावी, मग कंदील सोडून पाहावा. कंदील विझला तर उतरायचे नाही हे खरे. तेवत राहिला म्हणजे निर्धास्त, हे मात्र खरे नाही. धान्य ओले होऊन आंबले असेल तर ज्योत टिकेल इतका प्राणवायू असतानाही कार्बन डायऑक्साइड घातक प्रमाणात असू शकतो, आणि दाणे उपसताना तो आणखी सुटतो. कमरेला दोर बांधलेला माणूस आणि वर दोर धरणारे दोघे, ही किमान तयारी.

एकदा हवा लागली की पेव अर्धवट ठेवता येत नाही. कीड पंधरवड्यात जोर धरते. त्यामुळे पेव उघडले की सगळे धान्य वाटून, विकून किंवा सवाई-दिढीने (सव्वापट-दीडपट परतीच्या बोलीने) उसने देऊन संपवावे लागे. दुष्काळात गावाला धान्य मिळे त्यामागे धन्याची उदारता असे तशी ही तांत्रिक अडचणही असे, आणि सवाई-दिढीचा बोजा पुढच्या सुगीवर पडे.

पेवाने माणसाची सोय होते, गुरांची नाही. त्यासाठी कडब्याच्या गंजी राखत. 2012–13 व 2018–19 मध्ये सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्या या बाजूच्या टंचाईमुळे.

ऱ्हास. 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि शिलकीचे धान्य बाजाराकडे वळू लागले. 1876–78 च्या दुष्काळाने साठे संपले. पुढे रेशन दुकाने आली. 1972 च्या दुष्काळात लोकांनी रेशनवरचा मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला, आणि मदतीचा भर रोजगार हमीच्या कामांवर राहिला. पत्र्याची कोठी व धुरीच्या गोळ्यांनी उरलेली गरजही संपवली. कालव्याच्या पाण्याने भूजल वर आलेल्या गावांत तर पेव ठेवणे शक्यच नाही.

बुजलेली पेवे आता घरबांधणीत आडवी येतात. वर फरशी टाकून जोते उठवले तर पावसाळ्यात भिंत खचते. कुजका कडबा पूर्ण उपसून, मुरमाचे फूटभर थर पाणी मारून धुमसाने ठोकत पेव तळापासून भरावे; उपसण्यासाठी उतरताना वर सांगितलेली सर्व खबरदारी घ्यावी, कारण रिकाम्या पेवातही वायू कोंडलेला असतो.